एकही खाडा नाही!

सॉफ्टबॉल आपल्याकडच्या शाळांमध्ये मुली हौसेने खेळतात. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ. अमेरिकेत या खेळाचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो लू गेहरिग या खेळातला मोठा गडी. १९४१ साली तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं ३७ वर्षांचं. पण त्याची गोष्ट नुसती मैदानावरची नाही. तिच्यात लोकांचे कपडे धुऊन मुलाला शिकवणारी आई आहे, सासूच्या मर्जीविरुद्ध घरात आलेली सून आहे आणि नवऱ्याच्या आजारपणात खंबीर उभी राहिलेली बायको आहे. म्हणून ती आपल्या पानावर.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. एका ठाण्यापासून दुसरं ठाणं नव्वद फुटांवर. बॅटवाला जिथे उभा राहतो ते चौथं ठाणं म्हणजे होम, म्हणजेच घर. चेंडू मारायचा आणि पळत सुटायचं. पहिल्या ठाण्यापर्यंत पोचलात तर सिंगल, दुसऱ्यापर्यंत पोचलात तर डबल, तिसऱ्यापर्यंत ट्रिपल. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होम रन, आपला षटकारच म्हणा ना! आणि चारही ठाणी फिरून घरी परत आलात तरच एक धाव.

होम रनला टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. डबलचं तसं नसतं. चेंडू दोन खेळाडूंच्या मधून काढायचा, जिवाच्या आकांताने पळायचं, धुळीत घसरत दुसरं ठाणं गाठायचं, आणि एवढं करून आपल्या नावावर धाव लागलेली नसतेच. पण आधी ठाण्यांवर ताटकळत उभे असलेले सोबती मात्र त्या फटक्यावर घरी पोचतात. एका हंगामात सर्वात जास्त डबल कुणी मारल्या याचा हिशोब अमेरिकेत अगदी काटेकोर ठेवतात. १९३१ साली अर्ल वेब नावाच्या खेळाडूने ६७ डबल मारल्या. तो विक्रम इतक्या वर्षांत कुणालाही मोडता आलेला नाही. सबंध कारकिर्दीचा विक्रम ट्रिस स्पीकरचा, ७९२ डबलचा. आपला लू १९२७ साली ५२ डबल मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला आला आणि १९२८ साली ४७ मारून पुन्हा पहिल्या जागेचा वाटेकरी झाला. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चौघांतला एकच वाचला

लूचा जन्म १९ जून १९०३ चा, न्यूयॉर्कमधला. आईबाप दोघंही जर्मनीहून पोट भरायला आलेले. वडील हेन्री पत्र्याचं काम करायचे. पण तब्येत धड नाही आणि दारूही होती, त्यामुळे काम कधी असे, कधी नसे. घर चालायचं ते आईच्या, क्रिस्टिनाच्या जिवावर. ती लोकांकडे स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. चार मुलं झाली तिला. तीन लहानपणीच गेली, राहिला एकटा लू. अशा आईचा जीव त्या एका लेकरात किती गुंतला असेल, हे सांगायला नको.

लूही आईच्या हाताखाली राबायचा. धुण्याची गाठोडी आणायची, पोचवायची, सामान आणायचं. शाळेला त्याने एक दिवससुद्धा दांडी मारली नाही असं सांगतात. अंगात ताप असला तरी वर्गात हजर! ही सवय आईकडूनच आलेली. तिला तरी कुठे सुट्टी होती?

आईची एकच इच्छा होती, मुलाने शिकून इंजिनिअर व्हावं. खेळून का कुणाचं पोट भरतं, असं तिला वाटायचं. पण पोराच्या अंगात ताकद अफाट. १९२० च्या जूनमध्ये शाळेच्या संघाबरोबर तो शिकागोला गेला. सतरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली. दहा हजारांवर प्रेक्षकांसमोर, शेवटच्या डावात तिन्ही ठाण्यांवर सोबती उभे असताना त्याने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. त्या एका फटक्याने त्याचं नाव न्यूयॉर्कच्या पेपरात झळकलं.

पुढच्या वर्षी तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. विद्यापीठाच्या एका विद्यार्थी निवासात क्रिस्टिना स्वयंपाकीण होती. लूही तिथे वाढप्याचं काम करी. बरोबरीची श्रीमंत मुलं टेबलावर बसलेली आणि हा ताटं नेऊन ठेवतोय! त्याला त्याची लाज वाटली असेल की नाही कोण जाणे, पण बुजरेपणा मात्र त्याच्या स्वभावात कायमचा राहिला.

१९२३ साली घरी कठीण दिवस आले. आईवडील दोघंही आजारी पडले. डॉक्टरची बिलं थकली. नेमक्या त्याच वेळी न्यूयॉर्क यांकीज या नावाजलेल्या संघाने करारापोटी दीड हजार डॉलर देऊ केले. लूने शिक्षण सोडलं आणि सही केली. आईला फार लागलं म्हणे. इतकी वर्षं पाण्यात हात बुडवले ते काय यासाठी? पण त्याच पैशांतून तिचं औषधपाणी झालं.

दुसऱ्यांना घरी आणणारा

पहिली दोन वर्षं लू बहुतेक बाकावरच बसून होता किंवा धाकट्या संघातून खेळत होता. १ जून १९२५ रोजी त्याला एका खेळाडूच्या जागी बॅटिंगला पाठवलं. दुसऱ्या दिवशी, २ जूनला, पहिल्या ठाण्यावरचा नेहमीचा खेळाडू वॉली पिप याला विश्रांती देऊन मॅनेजरने लूला उभं केलं. पिपचं त्या दिवशी डोकं दुखत होतं अशी एक गोष्ट पुढे रूढ झाली. खरं तर संघ सारखा हरत होता आणि मॅनेजरला बदल हवा होता. एका दिवसापुरता दिलेला तो बदल पुढे चौदा वर्षं टिकला. पिपला ती जागा परत मिळाली नाही. १९२५ ते १९३९ या काळात यांकीजच्या ओळीने २१३० सामन्यांत लू खेळला. एकही खाडा नाही!

१९२७ चा यांकीज संघ बेसबॉलच्या इतिहासातला सर्वोत्तम संघ मानणारे अनेकजण आहेत. त्या वर्षी त्यांनी ११० सामने जिंकले आणि फक्त ४४ हरले. त्याच वर्षी बेब रूथने ६० होम रन मारल्या. रूथ म्हणजे त्या काळचा सुपरस्टार. खाण्यापिण्याचा शौकीन, बोलघेवडा, पेपरवाल्यांचा लाडका. पगार ७० हजार डॉलर. आणि त्याच्या पाठोपाठ बॅटिंगला यायचा तो लू. पगार ८ हजार. त्या वर्षीचा लूचा हिशोब बघा: ५२ डबल, १८ ट्रिपल, ४७ होम रन. त्याच्या फटक्यांवर घरी पोचलेल्या धावा १७३. शंभरातल्या तीस वेळा फटका साधला तरी या खेळात बॅटवाला उत्तम समजतात, लूला तो सदतीस वेळा साधला. सप्टेंबर उजाडला तेव्हा होम रनमध्येही तो रूथच्या खांद्याला खांदा लावून होता. पण त्याच सुमारास आईच्या गळ्याशी गाठ वाढली, ऑपरेशन करायचं ठरलं. लूचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मैदानावर रोज हजर, पण सामना संपला की धावत आईकडे. रूथ पुढे निघून गेला. आई मात्र बरी झाली. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्या वर्षी लूचीच निवड झाली, तरी आजही १९२७ म्हटलं की लोकांना रूथच्या साठ होम रनच आठवतात.

असं त्याच्या बाबतीत कायम झालं. १९३१ साली त्याने मारलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला, पण पुढे पळणाऱ्या सोबत्याला वाटलं की झेल घेतला, म्हणून तो पळणं सोडून बाजूला झाला. मान खाली घालून पळणारा लू त्याला ओलांडून गेला आणि नियमाने बाद ठरला. होम रन गेली. हंगाम संपला तेव्हा रूथच्या आणि त्याच्या होम रन झाल्या बरोबर ४६-४६! ती एक धरली असती तर लू एकटा पहिला असता. ३ जून १९३२ रोजी त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारल्या. त्या शतकात अमेरिकन लीगमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. पण नेमक्या त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचे जुनेजाणते मॅनेजर जॉन मॅक्ग्रॉ निवृत्त झाले आणि मोठे मथळे त्यांना मिळाले. लूने या कशाबद्दल कधी कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी तो आपला वेळेवर हजर!

त्या हजेरीची किंमतही मोठी होती, बरं का. १९३४ च्या जूनमध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात चेंडू डोक्यावर बसून तो बेशुद्ध पडला. दुसऱ्या दिवशी खेळायला उभा! त्याच जुलैत कंबर धरली, वाकता येईना. तरी पुढच्या सामन्यात नाव लावलं, एक फटका मारला आणि मग बाहेर आला. पुढे कधीतरी त्याच्या हातांचे एक्स-रे काढले तेव्हा बोटांची हाडं मोडून आपोआप जुळल्याच्या सतरा खुणा सापडल्या. सतरा फ्रॅक्चर, आणि त्याने बोभाटा केला नव्हता! लोक त्याला कौतुकाने लोखंडी घोडा म्हणायचे.

वाचताना कुणाची तरी आठवण आली असेल. आपल्या घरांतूनही असे लोखंडी घोडे असतात. त्यांच्या खाड्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही, एवढाच काय तो फरक.

आई आणि बायको

तिशी आली तरी लू आईवडिलांजवळच राहत होता. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावात त्याने त्यांच्यासाठी घर घेतलं होतं. क्रिस्टिनाच्या हातचं जर्मन जेवण संघातल्या मुलांना भारी आवडे. बेब रूथसुद्धा तिच्याकडे ताव मारायला यायचा. मुलगा मोठा झाला, नावारूपाला आला, आता घरात आईचं राज्य. लूने एखाद्या मुलीचं नाव काढलं की आईला ती पसंत पडत नसे.

मग शिकागोची एलेनॉर ट्विचेल त्याच्या आयुष्यात आली. वडिलांना एके काळी चांगले दिवस होते, पण मंदीत सगळं गेलं, तेव्हा ती स्वतः नोकरी करून उभी राहिलेली. बोलकी, हुशार, वाचनाची आवड असलेली. लग्न ठरलं आणि सासू-सुनेचे खटके सुरू झाले. लग्नाच्या तोंडावर ते इतके वाढले की लूने एक दिवस आधीच बार उडवून टाकला. २९ सप्टेंबर १९३३. नव्या फ्लॅटमध्ये अजून कामगारांची ठोकाठोक चालू होती. गावच्या महापौरांना बोलावलं, त्यांनी तिथेच लग्न लावलं आणि नवरदेव तडक निघाले सामना खेळायला! लग्नाच्या दिवशीही खाडा नाही.

एलेनॉरने त्याला ऑपेराची गोडी लावली, पुस्तकं वाचायला लावली. जर्मन ही त्याची घरचीच भाषा, त्यामुळे जर्मन ऑपेरा ऐकताना या धिप्पाड माणसाचे डोळे भरून यायचे. लग्नानंतरच्या वर्षी, १९३४ ला, तो फटक्यांच्या सरासरीत, होम रनमध्ये आणि घरी आणलेल्या धावांत, तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. सूनबाईचा पायगुण म्हणायला हरकत नव्हती, पण सासूबाई तसं म्हणाल्या असतील असं वाटत नाही!

याच वर्षांत रूथ आणि लूची मैत्री तुटली. कारण ऐकाल तर हसाल. रूथची बायको आपल्या मुलीला झकपक कपडे घालते आणि रूथच्या मुलीला मात्र साधे, असं काहीसं क्रिस्टिना बोलून गेली म्हणे. ते बोलणं रूथच्या घरी पोचलं. रूथ चिडला, लूने आईची बाजू घेतली, आणि एका संघातले दोन मोठे खेळाडू कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेच नाहीत. साध्या बोलण्याने घरं कशी तुटतात हे कुठल्याही देशात सारखंच!

माझं नाव काढा

३१ मे १९३८ रोजी लूचा सलग दोन हजारावा सामना होता. एलेनॉरने त्याला सुचवलं होतं की, १९९९ वरच थांबूया, हजेरी तुटली तर तुटू दे, लोकांच्या तो आकडा जास्त लक्षात राहील. तिला त्याच्यावरचं ओझं दिसत असावं. त्याला ते पटलं नाही. तो गेला, खेळला, गळ्यात फुलांचा घोड्याच्या नालासारखा हार घालून घरी आला.

त्या हंगामात काहीतरी बिनसलं होतं. फटक्यात जोर राहिला नव्हता. हिवाळ्यात फुटपाथवर चढता-उतरता पाय अडखळायचा. बर्फावर स्केटिंग करताना तो सारखा पडू लागला. डॉक्टरांनी पित्ताशयाचं दुखणं सांगितलं, पथ्य दिलं. काही फरक पडला नाही. १९३९ च्या सरावात संघातल्या पोरांनी पाहिलं, हा माणूस पळतोय पण पुढे सरकतच नाही. साधे चेंडू चुकताहेत. कपडे बदलताना तोल जातोय.

आणि इथे तो डबलचा हिशोब आठवा. ज्याने एका हंगामात ५२ डबल मारल्या होत्या, कारकिर्दीत ५३४, तो १९३९ साली आठ सामने खेळला. २८ वेळा बॅट घेऊन उभा राहिला. चार फटके साधले. चारही सिंगल. डबल एकही नाही. दुसऱ्या ठाण्यापर्यंत नेणारे पायच राहिले नव्हते.

त्याला काढायची कुणाची हिंमत नव्हती. मॅनेजर जो मॅकार्थी सगळं बघत होता, पण हा निर्णय लूनेच घ्यावा असं त्याला वाटत होतं. ३० एप्रिलच्या सामन्यात लूने एक अगदी साधा चेंडू अडवून प्रतिस्पर्ध्याला बाद केलं. नेहमीचं काम. पण सोबत्यांनी जवळ येऊन त्याची पाठ थोपटली, छान केलंस म्हणून. ते कौतुक त्याच्या काळजात रुतलं. आपल्याला आता साध्या कामासाठी शाबासकी मिळू लागली, म्हणजे आपण संघावर ओझं झालो, हे त्याला कळलं.

२ मे १९३९, डेट्रॉइट. सामन्याआधी तो मॅनेजरकडे गेला आणि आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं. संघाच्या भल्यासाठी. कर्णधार तोच होता, तेव्हा स्वतःचं नाव नसलेली यादी पंचांकडे नेऊन देण्याचं कामही त्यालाच करावं लागलं. प्रेक्षकांना माइकवरून सांगण्यात आलं तेव्हा दुसऱ्या गावचे ते लोकसुद्धा उठून टाळ्या वाजवत राहिले. लू टोपीला हात लावून बाकावर जाऊन बसला आणि रडला. ज्याच्या जागी तो चौदा वर्षांपूर्वी आला होता तो वॉली पिप योगायोगाने त्या दिवशी प्रेक्षकांत होता.

त्याचे २१३० सामने थोर खरेच. पण मला विचाराल तर त्याने सगळ्यात मोठं काम केलं ते या दिवशी. रोज हजर राहायला जिद्द लागते. आपल्याला आता जमत नाही, दुसऱ्याला उभं राहू द्या, हे स्वतःच्या तोंडाने सांगायला त्याहून मोठं मन लागतं. ते ना हट्टी सासऱ्यांना जमतं, ना खुर्चीवरच्या पुढाऱ्यांना. आणि आजारी असतानाही ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आपल्याला तरी कुठे जमतं?

एलेनॉरची परीक्षा

जूनमध्ये लू मिनेसोटातल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये गेला. सहा दिवस तपासण्या चालल्या. १९ जून १९३९, म्हणजे त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी निदान झालं: ए.एल.एस. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात. हात, पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. बहुतेकांची समज मात्र शेवटपर्यंत शाबूत असते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार तो हाच. आपल्याकडे डॉक्टर याला मोटर न्यूरॉन डिसीज असंही म्हणतात. हा संसर्गाने होत नाही.

आजार किती वाईट आहे हे डॉक्टरांनी एलेनॉरला सांगितलं. लूला मात्र आशा अर्धी-अर्धी आहे असं कळलं, आणि त्याची आशा मोडू नये म्हणून ती झटत राहिली. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांनी हसतमुख राहायचं, हा तिचा दंडक. स्वतः लूला खरं कितपत उमगलं होतं, यावर चरित्रकारांचं आजही एकमत नाही. कदाचित दोघंही एकमेकांसाठी नाटक करत असतील. घरात मोठं आजारपण काढलेल्या कुणालाही हे नाटक ओळखीचं वाटेल.

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार झाला. ६१,८०८ माणसं जमली होती. भेटवस्तू हातात धरवत नव्हत्या, तो त्या खाली ठेवत होता. बोलायला उभं राहणं त्याला नको होतं. मग बोलला, थोडकंच. आजाराचं रडगाणं त्याने गायलं नाही. उलट आपल्या इतका नशीबवान माणूस नाही, असं सांगितलं. मॅनेजर, सोबती, प्रतिस्पर्धी संघ, मैदानाची निगा राखणारे कामगार, सगळ्यांची आठवण काढली. जावयाची बाजू घेऊन स्वतःच्या लेकीला दटावणाऱ्या सासूबाईंचे आभार मानले. आयुष्यभर राबून आपल्याला शिकवणाऱ्या आईवडिलांचे मानले. आणि आधारस्तंभ झालेल्या बायकोचे मानले. त्या दिवशी बेब रूथ पुढे आला आणि त्याने लूला मिठी मारली. त्याच वर्षी यांकीजने लूचा ४ नंबर कायमचा बाजूला ठेवला. पुन्हा तो कुणाला दिला नाही. मोठ्या लीगमध्ये असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू.

घरी बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. हॉटेलांना नाव वापरायला देऊन भरपूर पैसा मिळत होता, तो त्याने नाकारला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला कैद्यांच्या पॅरोलचा निर्णय करणाऱ्या मंडळावर नेमलं. जानेवारी १९४० पासून तो तिथे कामाला जाऊ लागला. हात चालेनासे झाले तेव्हा एलेनॉर त्याचा हात धरून सही करायला मदत करी. मृत्यूच्या महिनाभर आधीपर्यंत हे काम चाललं.

आजाराबरोबर अफवाही आल्या. १९४० साली यांकीज हरू लागले तेव्हा एका वर्तमानपत्रात छापून आलं की, लूचा रोग बाकीच्या खेळाडूंना लागला असेल. एरवी कधी तोंडातून ब्र न काढणारा हा माणूस या वेळी कोर्टात गेला, आणि त्या पेपरला माघार घ्यावी लागली. आजारी माणसाला वाळीत टाकणं त्याला सहन झालं नाही.

२ जून १९४१ च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लू गेला. पहिल्या ठाण्यावर तो प्रथम उभा राहिला त्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती.

आई क्रिस्टिना त्यानंतर तेरा वर्षं जगली. चार मुलं झाली, चारही तिच्या डोळ्यांदेखत गेली. एलेनॉर तेव्हा सदतीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. तिने दुसरं लग्न केलं नाही. या आजारावरच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचं काम तिने पुढे मनावर घेतलं. १९८४ साली ती गेली, तेव्हा लूच्या शेजारीच तिला जागा मिळाली.

लूचा हजेरीचा विक्रम १९९५ साली कॅल रिपकेन याने मोडला. विक्रम असेच मोडायचे असतात. पण अमेरिकेत त्या आजाराला लोक आजही लू गेहरिगचा आजार म्हणूनच ओळखतात, आणि २०२१ पासून दर २ जूनला तिथले बेसबॉल संघ त्याच्या नावाने दिवस पाळतात, संशोधनासाठी निधी गोळा करतात. आजार बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही, वेग थोडा कमी करणारी औषधं मात्र आली आहेत.

मैत्रिणींनो, हाताची पकड सैल होतेय, पाय उगाच अडखळतोय, जीभ जड झाल्यासारखी वाटतेय, असं आठवडे न् आठवडे चाललं असेल तर थकवा आला असेल म्हणून दुखणं अंगावर काढू नका. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघतं, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. त्या एका दिवशी घरी खाडा झाला तर होऊ दे. स्वयंपाक दुसरं कुणी करेल!